मंगळवारच्या बायका

दर जानेवारीत आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, महिला मंडळाची वार्षिक सभा भरते. त्या सभेला निवडणूक म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात कोणी निवडून येत नाही, पद गळ्यात पडतं. अध्यक्षा पाळकबाई, म्हणजे चर्चच्या पाळकांची (धर्मगुरूंची) बायको, त्यावर चर्चाच नाही. जिचं अक्षर बरं ती सेक्रेटरी. जिचे मिस्टर बँकेत होते ती खजिनदार. नाव पुकारलं की जी ती आधी 'नको गं बाई, माझ्यामागं किती व्याप आहेत' म्हणते, दोघी-तिघी आग्रह करतात, ती मान तुकवते, टाळ्या वाजतात आणि चहा येतो. वहीत शेवटी 'सेवाकार्य' असा मथळा लिहितात. पुढच्या जानेवारीपर्यंत त्याखालची पानं कोरी.

माझी सगळी नोकरी नगर जिल्ह्यातल्या शाळांमध्ये झाली. (२०२४ पासून अहिल्यानगर म्हणायचं, जिभेवर अजून नगरच येतं.) त्यामुळे समित्या पुष्कळ पाहिल्या. पण जिथं कोणाला पगार नाही, रजा मंजूर करणारा साहेब नाही, आणि 'उद्यापासून येत नाही' म्हणायला एक फोन पुरतो, तिथं चमू बांधणं वेगळंच. आमच्या मंडळीत बायकांचं काम कमी आहे असं मुळीच नाही. संडे स्कूल त्या चालवतात, वेदीवरची फुलं त्या लावतात, कुणाकडे मयत झाली तर अर्ध्या तासात चहाचं पातेलं चढतं. या कामांना कोणी नेमलेलं नसतं. नेमणूक झाली की मात्र काम थांबतं. हे कोडं मला बरीच वर्षं पडलेलं होतं.

त्याचं एक कारण पाळकबाईंच्या खुर्चीत आहे. पाळकसाहेबांची बदली होते तशी अध्यक्षाही बदलते. आधीच्या बाईंना शिवणवर्गाची हौस, म्हणून मशीनं घेतलेली; नव्या बाई नर्स, त्यांच्या रात्रपाळ्या; मशीनांवर कापड टाकून ठेवलेलं. त्यात त्या बाईंची काय चूक? त्यांनी लग्न पाळकाशी केलं, अध्यक्षपदाचा अर्ज कुठं केला होता? इंग्लंडमधल्या मेरी समनर याही एका पाळकबाईच. १८७६ मध्ये त्यांनी हॅम्पशरमधल्या आपल्या पॅरिशच्या (चर्चच्या हद्दीतल्या) आयांना घरी बोलावलं. बायका जमल्या आणि यजमानीणबाईंचं धैर्य गळालं. 'पुढच्या आठवड्यात या' म्हणून त्यांनी सगळ्यांना परत पाठवलं. पुढच्या आठवड्यात त्या बोलल्या, आणि त्यातून मदर्स युनियन ही आयांची संघटना उभी राहिली. आमच्याकडे असं घडलं असतं तर पहिल्याच दिवशी 'या बाईंना जमत नाही' म्हणून गावभर झालं असतं.

दुसरं कारण बोलायला जरा अवघड आहे. आमच्या मंडळ्यांमध्ये मिशन कंपाउंडात वाढलेली घरं आहेत आणि खेड्यांवरून आलेली घरं आहेत. कंपाउंडातली म्हणजे मास्तर, नर्स, बोर्डिंगचे मेट्रन यांची. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरला आलं, सिंथिया फरार बाईंनी मुलींच्या शाळेत आयुष्य घातलं आणि १८६२ मध्ये नगरलाच देह ठेवला. त्या शिक्षणाचा फायदा ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या मिळाला त्यांची नावं सभेत आपोआप पुढं येतात. आम्ही त्यातल्याच. खेड्यावरून आलेल्या मावश्या दारापाशी बसतात, सतरंज्या घालतात, सतरंज्या काढतात. हे कोणी ठरवून करत नाही. न ठरवता होतं म्हणूनच ते मोडायला कठीण.

ऊसतोड बायकांकडे जायचं ठरलं तेव्हा हे सगळं उघड्यावर आलं.

आमच्या गावापासून साखर कारखाना जवळ. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत बीड, पाथर्डी, आष्टी, शिरूर कासार इकडच्या टोळ्या येऊन कोप्या (पाचटाच्या झोपड्या) टाकतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. टोळी आणणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते, ती फिटेपर्यंत हाडं मोडायची; खाडा झाला की दंड. पाळी असो, पोट असो, मोळी डोक्यावर. २०१९ मध्ये सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. हा आकडा पेपरात वाचून आमच्यातल्या एक निवृत्त नर्स, आमच्या सिस्टर, सभेत उठून म्हणाल्या, 'आपण दर नाताळला ब्लँकेटं वाटून फोटो काढतो. तिथं रक्त जात असलेली बाई बसलेली असते आणि आपण तिला ब्लँकेट देतो.' सभेत शांतता पसरली. मग नेहमीप्रमाणे समिती नेमली गेली.

समितीने वेस्ट्रीत (चर्चच्या बाजूच्या खोलीत) बसून ठरवलं: दर मंगळवारी दुपारी चारला जायचं. मंगळवार का, तर त्या दिवशी कॉटेज मीटिंग (घरोघरची प्रार्थनासभा) नसते. चार का, तर जेवणं आवरलेली असतात आणि दिवेलागणीच्या आत घरी परतता येतं. सगळ्यांना पसंत. पाण्याचे ग्लास गोळा करायला आलेल्या मावशी तेवढ्यात बोलल्या, 'चारला कोन घावनार तुम्हाला तिथं? बारकी पोरं आन् म्हाताऱ्या. बाया फडात. गाडी भरूस्तवर सुटका न्हाई त्यांची.'

मावशी कोपीत वाढलेल्या. आईबाप तोडीला जायचे, पुढं स्वतःही काही वर्षं गेल्या. चर्चची झाडलोट करतात, सही करतात पण वाचता येत नाही. समितीत त्यांचं नाव कोणाला सुचणं शक्यच नव्हतं. सिस्टरनी त्यांना खुर्ची दिली, आणि पुढचा पाऊण तास मावशी एकट्या बोलत होत्या. गाडी गेल्यावर जायचं, भाकरी टाकायच्या आधी नाही, टाकताना. पहाटे तीनला उठलेली बाई तेव्हा पहिल्यांदा खाली बसते. उभं राहून काही विचारायचं नाही. खुर्ची, खाट मागायची नाही. परातीपाशी बसून दोन भाकरी थापू लागायच्या, नाही तर लसूण सोलायचा. हात चालू राहिले की तोंड उघडतं. पहिल्या दिवशी दुखण्याचं नाव काढायचं नाही, वाढ्याला (उसाच्या शेंड्यांच्या चाऱ्याला) यंदा भाव काय मिळतो ते विचारायचं. पुरुषांपैकी आधी मुकादमाला भेटायचं आणि ते कामही आपल्यातल्या वयस्क बाईने करायचं. तरण्या पोरींना पुढं करायचं नाही.

त्या दिवशी आमचा चमू तयार झाला असं मी धरते. वहीत मात्र तशी नोंद नाही.

आम्ही पदं ठेवलीच नाहीत. कधी जायचं, कुठल्या कोप्यांवर जायचं, कोणी जायचं नाही, यात मावशींचा शब्द शेवटचा. औषधं, तपासणी, सरकारी दवाखान्यात कोणाला न्यायचं, यात सिस्टरचा. शिवणकाम करणारी एक जण आहे, ती कापडी पॅड शिवते आणि कपड्यांचा सगळा हिशेब तिच्याकडे. कॉलेजातली एक मुलगी गरोदर बायकांची यादी मोबाइलवर ठेवते. माझ्याकडे चिठ्ठ्याचपाट्या आणि पाळकसाहेबांशी बोलणं. वेळ बदलली, वार बदलला, रविवारी संध्याकाळीही जातो, तरी मंडळीत आम्हाला अजून 'मंगळवारच्या बायका' म्हणतात.

यात नवं काहीच नाही, हे मला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती या आश्रमाची हकीकत पुन्हा वाचताना कळलं. केडगाव, म्हणजे नगरजवळचं नव्हे, दौंडजवळचं. रमाबाईंना आपण विदुषी म्हणून ओळखतो, त्यांचं संस्कृत, त्यांची भाषणं. त्यांची कामाची वाटणी कोणी फारशी सांगत नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून मुली आणि बालविधवा आणल्या, १९०० च्या सुमारास मुक्तीत जवळपास दोन हजार माणसं होती. एवढ्यांचं रोजचं जेवण एका विदुषीकडून होत नसतं. शेत, तेलघाणा, विणकाम, छापखाना, शाळा, आंधळ्यांची शाळा, असे विभाग होते आणि ते चालवणाऱ्या बऱ्याच बायका कधी काळी तिथंच आसऱ्याला आलेल्या. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या मुलींना आधी अक्षरओळखही नव्हती. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी रोज आपल्याबरोबर प्रार्थनेला बसायला स्वेच्छेनं कोण येईल असं विचारलं, तेव्हा सत्तर जणी पुढं आल्या. पुढं तो आकडा साडेपाचशेवर गेला. जूनमध्ये त्यांनी दुसरी मागणी केली: अभ्यास बाजूला ठेवून आसपासच्या खेड्यांत कोण जाईल? तीस जणी उठल्या.

सत्तर, साडेपाचशे, तीस. मला यातला तीस हा आकडा मोलाचा वाटतो. प्रार्थनेला साडेपाचशे आणि उन्हात चालायला तीस, हे प्रमाण आमच्या मंडळीतही थोडंफार असंच आहे आणि त्यात खंत करण्यासारखं काही नाही. आपण मात्र साडेपाचशेंना तीसांचं काम सांगतो आणि ते झालं नाही की श्रद्धा कमी पडली म्हणतो. रमाबाईंनी दोनदा विचारलं, वेगवेगळ्या कामांसाठी विचारलं, आणि दोन्ही वेळा नाही म्हणायची मुभा ठेवली. 'स्वयंसेविका' म्हणवून घ्यायचं तर तेवढं पाहिजेच.

रमाबाईंचंही एका बाबतीत पुढचं गणित चुकलं. वारसा त्यांची लेक मनोरमाबाई यांच्याकडे जाणार हे धरलेलं होतं. लेक तयारीची होती. अमेरिकेत ब्रेल शिकून आली, आंधळ्या मुलींना शिकवलं, शाळा सांभाळली. १९२१ च्या जुलैत ती गेली आणि पुढच्या एप्रिलात आई गेली. मुक्ती तरीही उभी राहिली, आजही आहे. मला वाटतं ती विभागांनी तगवली. रमाबाईंसारख्या बाईचा वारस ठरवूनही टिकला नाही, तर आमच्या मंडळाने पाळकबाईंच्या बदलीवर सगळं टांगून ठेवणं म्हणजे कमालच म्हणायची.

आम्हाला हा धडा लवकर मिळाला. एका हंगामात मावशींची लेक बाळंतपणाला आली आणि मावशी दोन महिने येऊ शकल्या नाहीत. मुकादमाशी बोलायचं कसं, कुठल्या कोपीत कोण, हे सगळं त्यांच्या डोक्यात. आम्ही गेलो तर कुत्री भुंकली, मुकादमाने 'तुम्ही कोणत्या पार्टीच्या?' असं विचारलं, आणि आम्ही परत. तेव्हापासून प्रत्येक कामाला जोडी. जुन्या काळी बायबल बायका (बायबल वाचून सांगणाऱ्या) खेड्यापाड्यांत जोडीनं जात, येशूनेही शिष्यांना दोघा-दोघांना पाठवलं. आम्ही त्याला सोबत म्हणून समजत आलो होतो. त्यात एकीचं कळलेलं दुसरीलाही कळतं, ही सोय आहे. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करत बसलेला त्याच्या सासऱ्यांनी पाहिला आणि हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम असं सुचवलं, ती बायबलच्या निर्गम पुस्तकातली गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकतो. पाहुणे आलेले सासरे घरातल्या कामात लक्ष घालतात आणि जावई ऐकतो, हाच मला त्यातला खरा चमत्कार वाटतो.

मग भांडण झालं. शिवणकामवाली म्हणाली, सुवार्तेच्या (येशूच्या संदेशाच्या) पत्रिका द्यायला पाहिजेत, नाहीतर आपण आणि लायन्स क्लब यांत फरक काय? सिस्टर म्हणाल्या, गोळ्यांच्या पाकिटासोबत पत्रिका दिली तर तिला वाटेल गोळीची किंमत हीच, आणि मुकादमाला वाटेल धर्मांतराला आल्या. दोघींचं बरंच पेटलं. शिवणकामवाली दोन आठवडे आली नाही. मी सिस्टरच्या बाजूची आहे हे आधीच सांगते. औषध विनाअट द्यायचं. कोणी विचारलं की तुम्ही का येता, तर लपवायचं नाही. तिने प्रार्थना मागितली तर तिच्याच शब्दांत तिचं नाव घेऊन करायची, मागितली नाही तर घरी येऊन करायची. फोटो काढायचा नाही, चर्चच्या वार्षिक अहवालासाठीसुद्धा नाही. शेवटी हे असंच ठरलं, पण शिवणकामवालीच्या प्रश्नाला धार होती आणि ती मला बोथट करायची नाही. आपण का जातो हे दर हंगामाच्या सुरुवातीला एकमेकींना मोठ्यानं सांगायचं, हा नियम तिच्यामुळे आला.

बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रात पौलाने युवदीया आणि सुंतुखे या दोघींना एकचित्त व्हा म्हणून विनवलंय. दोघींना वेगवेगळं विनवलंय, एकीचीही बाजू घेतलेली नाही. आणि लगेच पुढं म्हटलंय की या बायांनी सुवार्तेच्या कामात माझ्याबरोबर श्रम केले. उपदेशात त्या दोघी भांडकुदळ म्हणूनच येतात. मला त्या चमूतल्या वाटतात. ज्या काहीच करत नाहीत त्यांची भांडणं पत्रात कशाला येतील?

पैशाचं थोडक्यात सांगते, कारण त्यात थोडक्यातच ठेवलेलं बरं. रक्कम लहान, वही एक, सह्या दोन, आणि सह्या करणाऱ्या एका घरातल्या नसाव्यात. मिझोराममधल्या बायका १९१० पासून प्रत्येक जेवणाच्या वेळी रांधायच्या तांदळातून मूठभर बाजूला काढतात आणि त्यातून त्यांच्या मंडळ्यांचं केवढं तरी काम चालतं. आमच्याकडे मूठभर ज्वारीचा प्रयोग करून पाहिला, पण आता घरोघरी पिठाची पिशवीच आणतात, ज्वारी असते कुठं? मग महिन्याला ठरावीक पैसे. त्याला ती मजा नाही.

घरच्या परवानग्यांचं मात्र थोडक्यात होत नाही. आमच्यातल्या एकीच्या सासूबाई चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसून मोठ्यानं आमेन म्हणतात आणि सून संध्याकाळी सातला कोप्यांवर निघाली की दाराची कडी लावून घेतात. 'मिस्टरांना विचारून सांगते' हे वाक्य मी इतकं ऐकलंय, की मी शेवटी एका रविवारी उपासनेनंतर मिस्टर लोकांनाच थांबवून घेतलं. त्यांच्याकडून दोनच गोष्टी मागितल्या: जाण्यायेण्याला गाडी, आणि त्या दिवशी घरी खिचडी. चौघे तयार झाले. एकाची खिचडी म्हणे बायकोपेक्षा बरी होते. हे तोच सांगतो.

एक काम आम्हाला आयतं मिळालं. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी महिलांचा जागतिक प्रार्थना दिन असतो. दर वर्षी वेगवेगळ्या देशातल्या बायका उपासनेचा क्रम तयार करतात आणि त्या दिवशी उपासना बायकाच चालवतात. पूर्वी वाचनं ठरलेल्या चार-पाच जणींत वाटली जायची. आता जिनं मंडळीसमोर कधी तोंड उघडलं नाही तिला एक भाग द्यायचा, असं ठरवलंय. वाचता येत नसेल तर तिनं मनानं प्रार्थना करायची. मावशींनी त्या दिवशी वेदीसमोर उभं राहून कोपीत बाळंत झालेल्या एका बाईसाठी प्रार्थना केली, पाथर्डीकडच्या बोलीत, 'देवा, तिला उद्याच्याला फडात जायला लावू नगं.' पुढच्या बाकावरच्या मंडळींना ती भाषा वेदीपाशी ऐकायची सवय नव्हती. होईल.

सध्या आमच्यापुढं दोन गोष्टी अडल्यात. मार्चमध्ये टोळ्या गावी परततात तेव्हा गरोदर बायकांची कार्डं, बाळांच्या लसींच्या तारखा, सगळं वाटेत हरवतं. बीडकडच्या एका मंडळीच्या महिला मंडळाशी फोनवर बोलणं चाललंय, की तिकडच्या बाजूनं त्यांनी यादी धरावी आणि ऑक्टोबरात आम्हाला परत द्यावी. त्या बायकांनी विचारलं, 'तुमच्या अध्यक्षा कोण? त्यांचं पत्र पाठवा.' नव्या पाळकबाई हसल्या आणि म्हणाल्या, 'पत्र मी देते, पण बोलणं मावशींशी करायला सांगा.' दुसरी गोष्ट अशी, की मावशींची जोडीदार म्हणून कॉलेजातली मुलगी तयार होत होती. मुकादम तिला नावानं ओळखायला लागला होता. तिला पुण्याला नर्सिंगला प्रवेश मिळालाय. तिनं जावंच. तिच्या जागी मावशींच्या मनात एक बाई आहे, आमच्या मंडळीतली नाही, पूर्वी याच कारखान्यावर तोडीला यायची, आता गावात भाड्यानं राहते आणि धुणीभांडी करते. सिस्टर म्हणतात घ्या. शिवणकामवाली म्हणते, ती ख्रिस्ती नाही, मग आपण सुरुवातीला जे एकमेकींना मोठ्यानं सांगतो ते ती काय सांगणार? मी अजून कुठल्याच बाजूची नाही. कारखान्याचा बॉयलर पेटायच्या आत ठरवायला हवं.